आक्कांच्या गोठ्यातली गळकी लाल गाडी

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज काय देते?" त्याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. पण लिटरमागे किस्से किती देते, असं कोणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगेन! वैशाखापासून दसऱ्यापर्यंत इतके जमलेत, की ऑफिसात कोणी नुसतं 'तेल' म्हटलं तरी मी खुर्ची ओढून सुरू होतो आणि माझी टीम हळूच कानांना हेडफोन लावते. तुम्ही लावलेले दिसत नाहीत, म्हणून सांगतो.

आधी मंडळी ओळखून घ्या. मी अमोल, मूळ परभणीकडचा. नोकरी हिंजवडीत, भाड्याने राहतो भुकूमला. घरमालकीण आक्का, साठी ओलांडलेल्या, शेतीवाल्या. म्हशी विकल्यापासून त्यांचा गोठा मोकळा पडला होता, तो गाडीला मिळाला. गायत्री माझ्या ऑफिसातली, कोल्हापूरची, कामाने टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी, आणि गाड्यांचं वेड माझ्या दुप्पट. किसन मिस्त्री मुठा गावचे, ट्रॅक्टर आणि भातशेतीचे पॉवर टिलर दुरुस्त करण्यात हयात गेलेली. आणि माझे वडील, अण्णा. लाल डब्ब्यावर एकतीस वर्षं ड्रायव्हर.

गाडी म्हणजे वीस वर्षांची, टर्बोवाली, लाल सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीने बिचारीने चांगलीच बनवली होती, मधल्या चार मालकांनी तिचे हाल केले.

ही गाडी मी माझ्यासाठी घेतली नाही. मी आठवीत होतो. सुट्टी होती म्हणून अण्णांच्या बसमध्ये केबिनजवळ बसलो होतो. अशीच एक लाल गाडी आम्हाला ओव्हरटेक करून सुसाट गेली आणि पुढच्या थांब्यावर चहाला उभी दिसली. अण्णा बस सोडून खाली उतरले आणि त्या मालकाला म्हणाले, "साहेब, एकदा रेस द्या बरं." त्याने दिली. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. त्या दिवशी बस सात मिनिटं लेट झाली. माणसासाठी त्यांनी कधी बस थांबवली नव्हती, त्या आवाजासाठी थांबवली.

आता क्लच दाबून दाबून अण्णांचा डावा गुडघा संपलाय. दिवाळीनंतर वाटी बदलायची ठरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्यानंतर क्लचवाली गाडी विसरायची. म्हणजे काय करायचं, तर त्याआधी अण्णांनी ही गाडी एकदा तरी चालवायची. मी दसऱ्याचा दिवस धरला. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं तेल आहे.

* * *

गाडी आली त्या दिवशी आक्कांनी कौतुकाने गोठा शेणाने सारवून ठेवला होता. बोनेटला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, वर मला गूळखोबरं दिलं. मी खूश.

सकाळी सहाला दारावर थाप. आक्का मला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेल्या. सारवलेल्या जमिनीवर मधोमध ताटाएवढं काळं डबकं.

"अमोल, म्हस तरी शेपटी वर करून सांगती," आक्का म्हणाल्या, "हिला तेवढी बी रीत न्हाई."

मी म्हणालो, "आक्का, जुनी गाडी आहे. जुन्या गाडीत थोडंफार गळतंच."

"जुनी मी बी हाय," आक्का म्हणाल्या आणि शेणाची पाटी आणायला निघून गेल्या.

* * *

मला वाटलं, आता गोठा जातोय. पण आक्कांना वेगळाच नाद लागला. रोज सकाळी त्या जमीन बघायच्या आणि तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती रांगोळीने गोल काढायच्या. आधी फक्त कुठे पाय पडू नये म्हणून. मग त्यात रंग आले. काल पडलेल्याला पांढरा, आज पडलेल्याला गुलाबी.

गायत्री रविवारी आली आणि ती जमीन बघून दारातच थांबली. "अरे, हा लीकचा नकाशा आहे!" आम्ही दोन आठवडे टॉर्च मारून शोधत होतो आणि आक्कांनी सगळं जमिनीवर काढून ठेवलं होतं. पुढच्या चाकामागे सर्वांत जास्त गुलाबी, गिअरबॉक्सखाली मोठा पांढरा, टर्बोच्या बाजूला बारीकसारीक.

मग गायत्रीमधला टेस्टर जागा झाला. तिने प्रत्येक थेंबाला नंबर दिला, फोटो काढले, फोनवर यादी केली. थेंब बंद झाला की 'क्लोज', पुन्हा पडला की 'रीओपन'. सात नंबरचा थेंब चार वेळा रीओपन झाला. किसन मिस्त्रींनी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं आणि हात पुसत अभिमानाने म्हणाले, "आता बगा, थेंब पडला तर नाव बदलीन."

दुसऱ्या दिवशी गायत्रीने त्यांना फोन केला. "मिस्त्री, नवीन नाव काय ठेवलंत?"

* * *

पुढचं एक पॅकिंग बदलल्याच्या आनंदात मी एकदा गाडी ऑफिसला नेली. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकला आणि वर गेलो. दुपारी खालच्या गार्डचा फोन. बिहारकडचा, अतिशय हळवा माणूस. दबक्या आवाजात म्हणाला, "सर, आप नीचे आ जाइए. आपकी गाड़ी रो रही है."

मी गेलो तर त्याने गाडीभोवती 'फरशी ओली आहे' वाले पिवळे बोर्ड चारही बाजूंनी लावले होते आणि स्वतः टोपी काढून शेजारी उभा होता.

परतीच्या वाटेवर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास एकाच जागी. इंजिनाचं तेल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं आणि बोनेटमधून पांढरा धूर. बाजूच्या कंपनी कॅबचा ड्रायव्हर आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. "खाली उतरा सायब, पेटली!"

मी काच खाली करून म्हणालो, "पेटलेली नाही हो, रोजचंच आहे."

चार दिवसांनी तोच कॅबवाला त्याच सिग्नलला भेटला. माझ्याकडे बघून काळजीने विचारलं, "आज धूर न्हाई? तब्येत बरी हाय ना तिची?"

* * *

मग मिस्त्री म्हणाले, असं एकेक थेंबामागे धावून उपयोग नाही. इंजिन रॉकेलने धुऊन पुसायचं, वर पावडर मारायची आणि दहा मिनिटं चालू ठेवायचं. जिथून तेल निघेल तिथली पावडर ओली होईल. मला युक्ती फारच आवडली. मी आक्कांना म्हणालो, रांगोळी द्या.

"येडा हायेस का," मिस्त्री म्हणाले, "रांगोळी म्हंजी दगडाचा भुगा. इंजिनात गेली तर सगळं खरवडून काढंल. तोंडाची पावडर आन."

मी दुकानातून चंदनाच्या वासाचा सर्वांत मोठा डबा आणला. गायत्रीने पुरणपोळीला पीठ लावावं तशी इंजिनावर पावडर भुरभुरवली. गाडी सुरू केली. आम्ही तिघं बोनेटमध्ये डोकी घालून बसलो. एक मिनिट, दोन मिनिटं. मग एका ठिकाणी ओलं झालं. मग दुसरीकडे. मग टायमिंग बेल्टच्या कव्हरखालून. मग टर्बोच्या पाइपला. शेवटी सगळीकडेच.

मिस्त्रींनी पावडरीच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "सायब, हिला कुटं गळतंय ते इचारू नका. कुटं न्हाई ते इचारा."

पुढे आठवडाभर गाडी गरम झाली की देवघरासारखा वास यायचा. शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला थांबवून विचारलं, उदबत्ती कुठली वापरता.

* * *

आता येतो आक्कांचा सर्वांत मोठा किस्सा. हे मी कोणालाही सांगितलं की आधी विश्वास ठेवत नाहीत.

सगळीकडून एकदम तेल का गळतंय, याचा विचार करत आम्ही गोठ्यात बसलो होतो. गायत्रीने इंटरनेटवरून चाळीस पानं छापून आणली होती. मिस्त्री तंबाखू मळत होते. आक्का डाळ शिजायला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मगाधरनं काय बोलताय? सांगा की मला बी."

मी म्हणालो, "आक्का, एका ठिकाणचं पॅकिंग बदललं की दुसरीकडून तेल निघतं. ते बदललं की तिसरीकडून."

आक्का म्हणाल्या, "मग शिट्टी बगितली का?"

"कसली शिट्टी?"

"कुकरची शिट्टी चोंदली की वाफ कडंकडंनं निगती. रिंग बदल, झाकान बदल, काय उपेग न्हाई. आदी शिट्टी साफ करायची. हिला न्हाई का तसलं कायतरी?"

मिस्त्रींचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. गायत्रीने हातातले चाळीस कागद खाली ठेवले. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. आतला दाब तिच्यातून बाहेर पडतो. मिस्त्री उठले, नळी ओढून काढली, तोंडाला लावून फुंकली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा काही पलीकडे जाईना! वीस वर्षांची काजळी आत दगडासारखी बसली होती.

आतला दाब जायला वाट मिळेल तिथून तेल ढकलत होता. चाळीस पानांमध्ये हे तेविसाव्या पानावर लिहिलेलं होतं, ते गायत्रीने नंतर शोधून दाखवलं. मिस्त्रींनी आक्कांना खरोखर वाकून नमस्कार केला. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, डाळ लागंल," आणि आत गेल्या.

* * *

नळी साफ झाली, पण एवढी वर्षं दाब खाऊन सगळी ऑइल सीलं आणि पॅकिंगं कडक होऊन मेली होती. म्हणजे मोठं काम. टायमिंग बेल्ट, तेलाचं खालचं चेंबर, टर्बोच्या पाइपची पॅकिंगं आणि सर्वांत मागचं मोठं सील. ते बदलायला गिअरबॉक्स पूर्ण उतरवावा लागतो. मिस्त्रींनी गोठ्याच्या तुळईला चेनपुली बांधली आणि गिअरबॉक्स खाली घेतला. गाडीची आतडी गोठाभर पसरली.

आणि भातलावणी सुरू झाली! मुळशीत लावणी सुरू झाली की पॉवर टिलरचा मिस्त्री म्हणजे आमदारापेक्षा मोठा माणूस. किसन मिस्त्री जे गेले ते गेलेच. तीन आठवडे फोन बंद. अण्णा तिकडून रोज विचारायचे, "कुठवर आलं रे?" आणि मी म्हणायचो, "झालंच."

शेवटी गायत्री आणि मी ऑफिसातून थेट मुठ्याला गेलो. मिस्त्री गुडघाभर चिखलात, बंद पडलेल्या टिलरपाशी वाकलेले. मी बांधावरून ओरडलो, "मिस्त्री, गाडी!"

"हे एक खाचर उरकू द्या, मग बोलू," ते मान न उचलता म्हणाले. "उभं ऱ्हाऊन काय व्हतंय? या खाली."

गायत्रीने बूट काढले, पँट दुमडली आणि उतरली. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, हातात भाताच्या रोपांची मूठ. मीही उतरलो. दोन तासांत आम्ही दीड ओळ लावली. मिस्त्रींच्या वहिनींनी येऊन बघितलं आणि काही न बोलता आमची दीड ओळ उपटून पुन्हा लावली.

गायत्री खाली बघून म्हणाली, "रीओपन."

पण मिस्त्री खूश झाले. पुढच्या रविवारपासून ते दर आठवड्याला येऊ लागले, आणि येताना न चुकता विचारायचे, "ताई, आज गाडी का भात?"

* * *

बोल्ट सांभाळणं हे वेगळंच शास्त्र असतं. लहान-मोठे, लांब-आखूड, दिसायला सारखे पण एकाचा दुसऱ्याला चालत नाही. गायत्रीला आक्कांच्या स्वयंपाकघरात अप्प्यांचं पात्र दिसलं आणि तिने ते मागितलं. बारा खळगे, बारा जागचे बोल्ट, प्रत्येक खळग्याशेजारी चिकटपट्टीवर नाव. आक्कांनी अट घातली, सणाच्या आधी पात्र परत पाहिजे.

नवरात्रातल्या अष्टमीच्या दिवशी शेवटचा बोल्ट बसला. आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात दिसलं, एका खळग्यात एक बोल्ट उरलाय. तीन महिन्यांचं काम, आणि एक बोल्ट जास्तीचा! मिस्त्रींनी तो फिरवून फिरवून बघितला. गायत्रीने सगळे फोटो पुन्हा चाळले. दोन तास आम्ही इंजिनाचं इंच न् इंच तपासलं. अण्णा तर दुसऱ्याच दिवशी पोचणार होते.

शेवटी आक्का पात्र न्यायला आल्या. बोल्ट उचलला आणि म्हणाल्या, "घावला का! ह्यो माज्या फवारणीच्या पंपाचा. हितं ठिवला व्हता, म्हनलं हितं बोल्ट हरवत न्हाईत."

* * *

अण्णा खंडेनवमीला सकाळी बसने आले. येताना ड्रायव्हरच्या मागची सीट मागून घेतली आणि स्वारगेटपर्यंत त्याच्या गिअर टाकण्यावर नापसंती दाखवत आले, असं त्यांनीच सांगितलं.

अण्णांची डेपोतली ख्याती ऐका. ड्यूटी संपली की ड्रायव्हरने कागद भरायचा असतो. गाडी, मार्ग, आणि शेवटी 'दोष'. बाकीचे तिथे रेघ मारून घरी जायचे. अण्णांनी एकतीस वर्षांत त्या रकान्यात रेघ मारली नाही. ब्रेक डावीकडे ओढतो. हॉर्न नाकात बोलतो. सहा नंबरच्या सीटचा खिळा प्रवाशाला लागतो. एकदा कोरी नवी बस पहिल्या फेरीला दिली, तर लिहिलं, 'रंगाचा वास येतो.' डेपोतले मेकॅनिक त्यांच्या कागदाला घाबरायचे. घरीही तीच तऱ्हा. माझ्या दहावीच्या निकालावर त्यांचं एकच वाक्य होतं, "भूगोल कामून कमी?"

तर हे अण्णा काठी टेकत गोठ्यात आले. दारातच उभे राहून गाडी बघितली. बराच वेळ.

"पुढचं डावं टायर उद्या हवा मागंल," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

गायत्री माझ्या कानात म्हणाली, "हे आपल्या टीममध्ये पाहिजे होते."

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते आणि त्या दिवशी अवजाराला काम लावत नाहीत. आक्कांनी गोठ्याच्या कोपऱ्यात पाट मांडले. कोयता, खुरपं, विळा, फवारणीचा पंप. मिस्त्रींचे पाने, जॅक. गायत्रीचा लॅपटॉप. आणि जे जे चकचकीत दिसलं ते सगळं. सगळ्यावर हळदकुंकू, सगळ्यावर झेंडूच्या माळा. आपट्याची पानं दुसऱ्या दिवसासाठी बाजूला. मला आठवत नाही, की याआधी मी कुठली पूजा इतक्या मनापासून केली होती.

* * *

दसरा. सकाळी नऊ. गाडी धुतलेली, नंबर प्लेटला तोरण. जमीन आक्कांनी ताजी सारवलेली. गेले दोन दिवस तिच्यावर एक थेंब नाही! आक्कांनी रांगोळीचा डबा हातात धरून दोनदा वाकून बघितलं होतं. "कोरडी ठाक," त्या म्हणाल्या, आणि मला आनंदाने उडी मारावीशी वाटली.

गायत्रीने फोनवरची यादी वाचली. बेल्ट, झाला. सीलं, झाली. तेल, झालं. सगळ्यांवर बरोबरच्या खुणा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून मान हलवली, मी त्यांच्याकडे बघून हलवली. अण्णांनी गुडघ्याला पट्टा बांधला. मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

अण्णा गाडीत बसलेच नाहीत. त्यांनी आधी गाडीला एक चक्कर मारली. चारही टायरांना काठीने टोले दिले. मग म्हणाले, "बोनेट उघड."

मी म्हणालो, "अण्णा, सगळं नवीन आहे. कालपरवाच झालंय."

"उघड म्हणलं ना."

उघडलं. अण्णांनी तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. रुमालाने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. डोळ्यांसमोर धरली. ती नवीन चमच्यासारखी चकाकत होती.

पट्टीवर तेल नाही, म्हणजे इंजिनात तेलच नाही. अष्टमीला मिस्त्री म्हणाले होते, चेंबरचं पॅकिंग रात्रभर सुकू द्या, तेल नंतर भरू. गायत्री दसऱ्याला सकाळी आली, तेलाचा डबा फळीवर दिसला नाही, म्हणजे भरलं, म्हणून तिने खूण केली. मी तिची खूण बघितली. मिस्त्रींनी आमचे आनंदी चेहरे बघितले. चावी एकदा फिरवली असती तर तीन महिन्यांचं काम अर्ध्या मिनिटात खाक झालं असतं.

आम्ही चौघांनी हळूहळू मान वळवून पूजेकडे बघितलं. विळा आणि पंपाच्या मधोमध, गळ्यापर्यंत झेंडूत बुडालेला, कपाळावर हळदकुंकू, तेलाचा सीलबंद डबा.

"लई चकचकीत दिसला," आक्का बारीक आवाजात म्हणाल्या.

अण्णांनी पट्टी जागेवर घातली. म्हणाले, "नैवेद्य दाखवून झाला असंल तर थोडा प्रसाद गाडीला बी द्या."

मिस्त्री तिथेच खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. मग गायत्री, मग आक्का, पदराने डोळे पुसत. माळ काढून तेल भरलं. आधी नुसता स्टार्टर मारून ते वर चढू दिलं. मग अण्णांनी किल्ली फिरवली.

तो आवाज! वीस वर्षांपूर्वीचा तोच. अण्णांनी एकदा रेस दिली आणि डोळे मिटले. मी बाजूच्या सीटवर होतो. मग क्लच दाबला. दाबताना त्यांचा ओठ दातांखाली गेला, पण गिअर लोण्यासारखा पडला.

भुकूमवरून पौड, पौडवरून पुढे धरणाचं पाणी दिसेपर्यंत. भात पोटरीला आलेलं, ओंब्या फुटायच्या बेतात, रस्ता मोकळा. पौड सोडल्यावर समोर एक ट्रक होता. अण्णांनी आरसा बघितला, गिअर खाली घेतला आणि टर्बो लागला. पाठ सीटला चिकटली, ट्रक मागे गेला. बहात्तर वर्षांचा माणूस मोठ्याने हसला. एवढं मोठ्याने हसताना मी माझ्या वडिलांना कधीच बघितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

परत आलो. अण्णांनी गाडी गोठ्यात लावली, हँडब्रेक ओढला, काठी टेकत उतरले आणि पुढच्या चाकाजवळ उभे राहिले. गायत्री, मिस्त्री, आक्का धावत आले.

"कागद द्या," अण्णा म्हणाले.

गायत्रीने वहीचं पान फाडून दिलं. अण्णांनी ते बोनेटवर ठेवलं, चष्मा लावला आणि सुवाच्य अक्षरात लिहायला सुरुवात केली. गाडी : लाल. मार्ग : भुकूम ते धरण व परत. मिस्त्री तर हात बांधून उभे होते, डेपोतला मेकॅनिक असल्यासारखे.

मी दाराकडून खाली बघितलं. ताज्या सारवलेल्या जमिनीवर, अण्णांच्या पायाशी, एक थेंब. छोटा, काळा. बघता बघता त्याच्याशेजारी दुसरा पडला.

अण्णा लिहिता लिहिता थांबले. त्यांनी खाली बघितलं. मग डावा पाय उचलून थोडा पुढे टाकला, चप्पल त्यावर ठेवली आणि रकाना पूर्ण केला.

गायत्रीने कागद उचलून मोठ्याने वाचला. "दोष : नाही."

मिस्त्रींनी कागद तिच्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला. आक्का "च्या टाकते" म्हणत घराकडे वळल्या. गायत्री आणि मिस्त्री हसत-बोलत त्यांच्यामागे गेले.

अण्णा तिथेच उभे.

"अण्णा, या की आत," आक्कांनी ओट्यावरून हाक मारली.

"व्हा पुढं," अण्णा म्हणाले, "पाय जरा अवघडलाय."